पडलेल्या पानाफुलांचा वर्ग

किस्से शोधत फिरावं लागत नाही. चार घरची माणसं एका जागी बसवा, हातात काड्या-पानं द्या. पुढच्या रविवारपर्यंत सांगायला पुरेल एवढं घडतंच!

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमागे गुलमोहर, बदाम आणि चाफा. मी नुकतीच बी.ए. झालेली, आणि माझी खात्री होती की घराघरात माणसं एकमेकांशी बोलायचं विसरलीयत. म्हणून रविवारचा वर्ग काढला. पानं, फुलं, बिया, माती घेऊन काहीतरी करायचं, पण सगळ्या घराने मिळून. नियम एकच: तोडायचं नाही, पडलेलंच उचलायचं.

पहिल्याच रविवारी जोशीकाका गुलमोहराची फांदी गदागदा हलवताना दिसले.

"काका, नियम!"

"मी हात तरी लावलाय का फुलांना? स्वतःहून पडतायत ती!"

*

तळमजल्यावरच्या सावंतकाकू एकट्याच यायच्या.

"काकांना आणा ना!"

"गिरणी बंद पडल्यापासून ते गॅलरीतली खुर्ची सोडत नाहीत गं. माझ्याशीसुद्धा धड बोलत नाहीत. तूच आणून बघ त्यांना अंगणात."

झालं! मी हट्टालाच पेटले. गॅलरीसमोर उभं राहून लेक्चर दिलं: मोकळ्या हवेत हाताने काही केलं की मन हलकं होतं, घर हसतं, वगैरे.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्ची भिंतीकडे फिरवली.

*

एकदा चाफ्याचे हार केले. जोशीकाकू नाक मुरडत म्हणाल्या, "पडलेली फुलं देवाला चालत नाहीत हं."

थोड्या वेळाने सगळ्यात मोठा हार गायब! शोधत शोधत जोशींच्या घरी गेलो, तर पौराणिक मालिका सुरू होती आणि हार टीव्हीच्या गळ्यात.

"काकू, देवाला चालत नाहीत ना?"

"देव्हाऱ्यातल्याला नाही. टीव्हीतल्याला चालतात!"

*

पानांना रंग लावून कापडावर ठसे उमटवायचे होते. सावंतकाकूंनी न विचारताच काकांचं बनियन आणलं. छातीवर बदामाचं भलंमोठं पान. एकदम झकास!

दुसऱ्या दिवशी काका गॅलरीत तेच घालून बसलेले! मी धावत काकूंकडे.

"बघितलंत? आवडलं त्यांना!"

"कसलं आवडतंय? बाकीची वाळत होती."

*

आणि मग तो रविवार. मुलांनी काड्यांची चौकट बांधली, तिला गुलमोहराच्या शेंगा, बदाम, सुकी पानं लटकवली आणि सावंतांच्या गॅलरीसमोरच्या फांदीला टांगली. कोकणात गणपतीच्या डोक्यावर अशीच रानातली फळं-पानं टांगून माटवी बांधतात, हे मला कुठे ठाऊक!

गॅलरीतून खणखणीत आवाज आला, "माटवी बांधलात, पण गणपती खंय?"

काका उभे! मी गडबडले. "गणपती नाही, काका. नुसतीच टांगलीय. कलाकृती आहे."

"नुसतीच?"

ते आत निघून गेले. काकूंचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, वाट लागली!

तर काका दारातून बाहेर. काखेत गणपती बसवायचा लाकडी पाट. सरळ माटवीखाली आले, पाट मांडला, फुंकर मारून धूळ उडवली आणि काकूंकडे वळले.

"बस."

"अवो, लोकां बघतत!"

"बघूंदेत. आरतीक माणसां लागतत!"