वाकडी तुळस

रसूलबीच्या डाव्या मनगटावर तुळस गोंदलेली होती, एका अंगाला कललेली. लांब बाहीखाली तिनं ती जन्मभर झाकली. नवऱ्याला ठाऊक होतं, तो गेला. यंदा दम्यानं ती अंथरुणाला खिळली आणि अंग पुसताना सून जुलेखाला गोंदण दिसलं.

"अम्मी, कल को मय्यत नहलाने कू औरतां आए, तो ये देखके क्या बोलेंगे?"

मौलवीसाहेब म्हणाले, अल्लाह नियत बघतो. पण बायकांच्या जिभेला कोण आवरणार? आणि सध्या तर शहरात माणसाचं नाव ऐकूनच लोक चेहरा बदलत होते. ही तुळस कशी आली, ते आपल्या मयतीला कुणी तरी चार बायांत सांगावं, एवढंच रसूलबीला हवं होतं. सांगू शकेल असं माणूस एकच उरलं होतं, फुलंब्रीजवळच्या तिच्या जुन्या गावातली सुगंधाबाई.

रसूलबीचा बाप दगडूमिया पिंजारी आणि सुगंधाचा बाप बिरू धनगर एका चिलमीचे दोस्त. इंग्रज निघायच्या बेतात होते, तेव्हा शहरातून माणसं येऊन मशिदीच्या अंगणात तकरीर, भाषणं करू लागली. निजामाची गादी राहिली तर आपण राहू, म्हणाली. रझाकार म्हणजे स्वयंसेवक, असंही सांगितलं. जन्मभर कापूस पिंजणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणी 'साहब' म्हटलं होतं. दगडूमियानं खाकी कपडे चढवले.

"दगडूमिया, भाला उलटा धरलाय की रं!" बिरू हसला. "मेंढरं बी भ्यायची नायत तुला."

पुढं एका सकाळी रझाकारांनी बिरूचीच मेंढरं हाकून नेली. दगडूमिया त्या टोळीत होता, मान खाली घालून. त्यानंतर बिरू त्याच्याशी कधी हसला नाही.

मग पुलिस ॲक्शन झाली. भारताची फौज आली आणि पुढं निघून गेली. तिच्या मागून गावोगावचे सूड आले. दगडूमियाला विहिरीवर गाठून मारलं. रसूलबीची आई आधीच वारली होती. बिरूच्या बायकोनं, चतुराबाईनं, पोरीला हाताला धरून घरात ओढलं.

"त्याची पोर?" बिरू दारातूनच म्हणाला.

"पोर हाय. कुनाची, ते मंग बघू."

पोर आपलीच दिसावी म्हणून तुळस गोंदायची होती, पण गोंदणारणीला बोलावणं धोक्याचं होतं. चतुराबाईनं स्वतःच सुई आणि दिव्याची काजळी घेतली. पोरीचं रडणं बाहेर जाऊ नये म्हणून तिनं आधी आपल्या सुगंधाच्या मनगटावर गोंदलं.

"बग, सुगंधा रडली का? आता तू."

तिला गोंदायची सवय नव्हती. दोन्ही तुळशी एकाच अंगाला कलल्या. "सोनंनाणं हितंच ऱ्हातं, बाय," रक्त टिपत ती म्हणाली, "गोंदण तेवढं मेल्यावर संगं येतं."

दगडूमियाची पोर शोधत परगावची टोळी दाराशी आली, तेव्हा "सुगंधा अन् गंगू, दोघी माझ्याच," म्हणत चतुराबाईनं दोन सारखे हात पुढं केले. टोळी परतली. गाव निवल्यावर मामा रसूलबीला शहरात घेऊन गेला.

आता दमा थोडा उतरल्यावर रसूलबी गल्लीतल्या ओळखीच्या रिक्षानं एकटीच त्या गावी गेली. सुगंधाबाई ओसरीवर बसली होती. शेजारी नातू शिवराज होता. मिरवणुकीत दगड लागला होता, कपाळावर पट्टी होती.

"सुगंधा, मी रसूल. तुझ्या मायनं गंगू म्हणून ठिवलेली."

सुगंधाबाईचा चेहरा उजळला, आणि नातवाकडं नजर जाताच विझला.

"आजी, आपली मेंढरं नेली त्या रझाकाराची का ही?" शिवराजनं विचारलं.

"व्हय, त्याचीच," रसूलबी म्हणाली. "ते बी खरं, अन् हे बी." तिनं बाही वर सारली. "सुगंधा, माझ्या मयताला ये. हे कुनी गोंदलं, का गोंदलं, तेवढं बायांना सांग."

"आजी कुठं जायची नाय. अन् आमच्या घरात असलं काही झालंच नाय. व्हय ना, आजी?"

सुगंधाबाईनं पदर ओढला आणि डावं मनगट झाकून घेतलं.

"मला नाय आठवत, बाई."

रसूलबी त्या पदराकडं बघत राहिली. तो बाजूला कर म्हणणं सोपं होतं. पण ती रिक्षात बसून निघून गेली असती, आणि सुगंधाला याच ओसरीवर राहायचं होतं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "दुसरं घर आसंल. म्हातारपण, दुसरं काय."

घरी जुलेखानं विचारलं, "मिली क्या, अम्मी?"

"मर गई बोले."

जुलेखानं दुआ पुटपुटली. रसूलबीनं बाही खाली ओढली आणि बटण लावलं.