शेजारणीच्या आईची कोडी

दुबईत इंटरनॅशनल सिटीमध्ये आमच्या समोरच्या दारात एक हैतीचं कुटुंब राहतं. हैती म्हणजे पार अमेरिकेकडच्या बेटावरचा देश, हे मलाही इथे येऊनच कळलं, हसू नका. शेजारीण शाळेत फ्रेंच शिकवते. नवरा तिकडे अबूधाबीजवळ मुसफ्फाला नोकरीला, रविवारी तेवढा घरी. मुलगी माझ्या नातवाच्याच वयाची. त्याचं ऐकून तीही मला आज्जी म्हणते.

शेजारणीची आई हैतीत. तिथे सारखी गडबड, त्यामुळे यांना जाता येत नाही नि तिलाही आणता येत नाही. शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल, तेवढाच. म्हातारीला येते फक्त क्रेओल, त्यांची घरची बोली. नातीला ती समजते, पण बोलायची नाही. पोरीच्या आईनेच ठरवलेलं, पुढे कॅनडात शिकायचं तर घरात फ्रेंचच बोलायचं. आता गंमत बघा, बाजारात भाजी विकून या आईला शिकवलं कोणी? त्या म्हातारीनेच. आणि तिच्यापुढेच नातीचं तोंड उघडेना. हात हलवायची नि पळायची.

"आंटी, फोन ठेवल्यावर आई रडते," शेजारीण मला एकदा इंग्लिशमध्ये म्हणाली. "तिला वाटतं, पोरीला ती नकोशी झालीय."

माझा नातूही मराठीला इंग्लिशनेच उत्तर देतो. पण कोडं घातलं की मात्र धावत येतो.

एका शनिवारी मी त्यांच्याकडे थालीपीठ घेऊन गेले, तर कॉल चालू. नातू माझ्या मागे मागे, कोडं घाल म्हणून. घातलं. स्क्रीनवरून म्हातारीने विचारलं, ही बाई काय म्हणतेय? लेकीने सांगितलं, आणि म्हातारीचा चेहरा असा काही खुलला!

"टिम टिम!" ती ओरडली.

शेजारीण हसायलाच लागली. "यावर 'ब्वा शेश' म्हणायचं असतं. वाळकं लाकूड. त्याशिवाय आमच्यात कोडं मिळत नाही."

"ब्वा शेश!" नातू ओरडला. त्याला काय, लाज ना भीड. मग पोरगीही म्हणाली, हळूच.

कोडं आलं: उभं पाणी कुठलं?

दोघांनी कुजबुज केली. "वॉटर कूलर!" नातू म्हणाला.

ते काय असतं, म्हातारीने विचारलं. लेक सांगायला गेली, तर मी थालीपीठाचा तुकडा तिच्या तोंडात घातला. "तू खा गं आधी."

लेकीचं तोंड भरलेलं. मग पोरगीच बोलू लागली, अडखळत, क्रेओलमध्ये. हातांनी बाटली उलटी करून दाखवली, तोंडाने बुडबुड आवाज काढला. म्हातारी पोट धरून हसली. मग म्हणाली, अगं, ऊस! बरोबरच की. पण पोरीने रस प्यायलाय, ऊस शेतात उभा कधी बघितलाय?

"टिम टिम!" पुन्हा. आता निजलेलं पाणी कुठलं?

पोरगी फोन घेऊन खिडकीत जाऊन बसली. बराच विचार केला, मग आजीला काहीतरी लांबलचक म्हणाली. शेजारणीने डोळे पुसत मला अर्थ सांगितला: "म्हणतेय, सांगू नकोस हं. मी पुढच्या शनिवारी सांगते."

मला आलं होतं उत्तर. कलिंगड. पण मी बोलले नाही.