अर्धे वाक्य आणि मालगाडी

दुर्ग स्थानकावर उतरले तेव्हा माझ्या पाठीवरच्या पिशवीत एक लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये दोन मेलेल्या बायका.

घाबरण्याचे कारण नाही. त्या जन्मल्याही संगणकातच. पुण्यातल्या आमच्या स्टुडिओत एक ॲनिमेशनपट तयार होतो आहे. त्यात रुळांकाठी राहणाऱ्या दोन शेजारणी भांडत असतात, मध्येच मालगाडी येते, त्या थांबतात आणि गाडी गेल्यावर पुन्हा भांडू लागतात. एवढेच दृश्य, पण ते माझे. दिग्दर्शकांनी ते दोनदा परत पाठवले. "गाडी जिवंत आहे, बायका मेल्यात," असे ते म्हणाले आणि सोमवारपर्यंत जमले नाही तर दृश्य दुसऱ्याकडे जाईल, हेही अतिशय गोड आवाजात सांगितले.

मी भौतिकशास्त्र शिकलेली. निदान सरळ होते: मालगाडीने जमीन हादरते, जमिनीने माणसे, माझ्या बायका हादरत नव्हत्या. तेव्हा खरा हादरा मोजून आणावा. आईची मावसबहीण, सुमनमावशी, भिलाईजवळ चरोद्याच्या रेल्वे वसाहतीत राहते. मालगाड्यांची जुळणी होते ते यार्ड तिच्या ओसरीपासून हाकेच्या अंतरावर आहे; फक्त हाक ऐकू येत नाही.

दुर्गहून लोकल पकडली. खिडकीतून पोलाद कारखान्याच्या चिमण्या मागे सरकत होत्या. समोरच्या बाईंनी विचारले, "कहाँ जाबे नोनी?" (नोनी म्हणजे मुलीला मायेची हाक.) चरोदा म्हटल्यावर त्यांनी मूठभर ठेठरी (बेसनाची कुरकुरीत कडबोळी) हातावर ठेवली. भाषेचा प्रश्न तिथेच मिटला, कारण पुढे तोंड रिकामे नव्हते.

मावशीकडे फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या) खाऊन मी कामाला लागले. रेल्वेच्या हद्दीत चित्रण करता येत नाही, म्हणून ओसरीच्या कठड्यावर कंप मोजणारा फोन ठेवला आणि मावशीला त्याचे तत्त्व समजावू लागले. इतक्यात गाडी आली. मी आवाज चढवला. गाडीनेही चढवला. शेवटी मी अक्षरशः किंचाळत होते आणि मावशी शांतपणे माझ्याकडे बघत होती.

गाडी गेल्यावर मावशीचे यजमान, म्हणजे काका, म्हणाले, "पोरी, गाडीसंगं काहून भांडून राहिली? तिले थांबाले टाइम लागते, तुले तं लागत नाही ना!" काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले.

संध्याकाळी मोजलेला हादरा माझ्या बायकांना जोडला आणि मावशीला दाखवला.

"अगं माय! यायले ताप आला काय वं?"

खरोखरच दोघी थंडीतापाने कुडकुडत होत्या. हादऱ्याचे गणित अचूक होते. बायका आता मेलेल्याऐवजी आजारी दिसत होत्या, एवढीच प्रगती.

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. सकाळी शेजारच्या शोभाबाई डबा परत करायला आल्या. मावशी तिवरा भाजी (लाखोळी डाळीच्या रोपाचा कोवळा पाला) निवडत होती. तिने मान वर न करताच सुरुवात केली.

"शोभाबाई, तुमच्या घरी माझा डबा गेला का तो होऊन जाते—"

मालगाडी आली.

मावशी थांबली. शोभाबाई थांबल्या. मी या वेळी गप्प बसले आणि पाहिले. मावशीची बोटे संथपणे पाला खुडत होती. एक भुवई वाक्याचे उरलेले टोक धरून वर चढली होती. शोभाबाईंनी डबा मांडीवर घट्ट धरला होता. उत्तर त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात येऊन बसले होते आणि ते आवरताना त्यांचे नाक किंचित फुगत होते. गाडीचा शेवटचा डबा गेला.

"—सासुरवाशीण! माहेरचा रस्ताच भुलते!"

"मंग खाली हातानं आणू काय तिले? ओटी भराले टाइम लागते!" शोभाबाईंनी झाकण उघडले. आत तिळाचे लाडू होते.

मी लाडू हातात घेऊन लॅपटॉपकडे धावले. संगणकाला थांब म्हटले की तो आकृतीला पुरती थांबवतो. माणूस तसा थांबत नाही. तोंडाशी अडलेले वाक्य बोटांत, भुवईत, नाकपुडीत मुक्कामाला जाते आणि रस्ता मोकळा झाला की परत येते. माझ्या शेजारणींना हादरा नको होता. त्यांना अर्धे वाक्य हवे होते. आणि हाताला भाजी.

परतीचा सगळा प्रवास मी एका भुवईवर घालवला. सोमवारी दिग्दर्शकांनी दृश्य पाहिले, पुन्हा लावायला सांगितले, आणि मालगाडी जात असताना, म्हणजे कोणीच काही बोलत नसताना, ते हसले. "तुमच्याकडेच राहू द्या हे," म्हणाले.

संध्याकाळी मावशीला व्हिडिओ कॉलवर तेच दृश्य दाखवले.

"बेस जमलं वं. पण तुझी ते बाई—"

चित्र गोठले. आवाजही नाही. नेटवर्क गेले समजून मी फोन ठेवणार, तोच पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तिवऱ्याचे एक पान ताटात पडले. मग दुसरे. खडखडाट फोनने गाळून टाकला होता. तिकडे गाडी चालली होती. मी हनुवटी हातावर टेकवून वाट पाहिली.

"—कोवळे देठ फेकून राहिली. अशी कशी गिरस्तीण? सांग तिले."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला लवकर जाऊन लॅपटॉप उघडला आणि मी तिला सांगितले.