यमाच्या विरुद्ध पार्टीचा

"देव करो आणि माझा हा कागद तुमच्या पेटीतच सडो." पॉलिसी हातात देताना काका हेच म्हणायचे. आपला माल कधी कामालाच येऊ नये, असं गिऱ्हाइकाला सांगणारा विक्रेता भिवंडीत दुसरा नसावा.

टेमघरला ते आमच्या शेजारी राहायचे. उमेदीची वर्षं बाबांबरोबर कापडाच्या लूमवर गेली, मग मेडिक्लेम विकू लागले. गल्लीतल्या बायका त्यांच्या तोंडावरच म्हणायच्या, "आला यमाचा एजंट." काका हसायचे. "न्हाय गो, यमाच्या विरुद्ध पार्टीचा हाय मी."

काल्हेरच्या गोदामात मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून मी घरच्यांची पॉलिसी काढली. आजार इकत घेतलास, असं म्हणून बाबा कितीतरी दिवस कुरकुरत होते.

पुढे एका सकाळी त्यांच्याच छातीत कळ आली. काकांना सोबत घेऊन आम्ही त्यांना ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं. त्याच दिवशी हृदयाची बंद झालेली शीर उघडायची होती, पण आधी विमा कंपनीची मंजुरी हवी. दुखणं पॉलिसीच्या आधीचं ठरलं तर नकार, आणि नकार आला तर बाबांना तिथून हलवायचं. हलवणं धोक्याचं आहे, असं हॉस्पिटलवालेच सांगत होते.

कंपनीचा डॉक्टर आला. कागदातून मान वर न काढता त्याने विचारलं, "छातीत आधीपासून दुखायचं ना?"

"हो, हो," बाबा म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. लूमवरची माणसं तुम्ही पाहिली असतील तर ठाऊक असेल, खडखडाटाने कान जातात. शेठ काय बोलला ते कळलं नाही की मान डोलवून मोकळं व्हायचं. मी हे सांगू लागलो, तर घरचे असंच सांगतात, असं म्हणून डॉक्टर लिहायला लागला.

आईचा उतरलेला चेहरा पाहून काका बाबांच्या उशामागे जाऊन उभे राहिले. "काय रे, तुझी दोन लग्नं झाली ना?"

बाबांनी मान डोलावली. "हो, हो."

डॉक्टरचं पेन थांबलं.

"आता समोर जाऊन इचारा, साहेब. तोंड दिसलं पायजे त्याला."

डॉक्टरने समोर जाऊन सावकाश तोच प्रश्न विचारला. या वेळी बाबांना तो कळला, पण काय उत्तर द्यावं ते कळेना. त्यांनी काकांकडे पाहिलं. लूमवर दोघं हातांनीच बोलायचे. एक बोट हललं असतं तरी पुरे होतं. डॉक्टरही त्या हातांकडे बघू लागला.

काकांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाबा बराच वेळ आठवत राहिले. "न्हाय," ते म्हणाले. "आजच पयल्यांदा."

डॉक्टरने आधीचं खोडलं आणि मंजुरीसाठी फोन लावला. आई रडू लागली.

काका आता नाहीत. बाबा आहेत. मला काकांची पाठच आठवते. त्या दिवशी मंजुरी आली तरी ते भिंतीकडे तोंड करून तसेच उभे होते. त्यांचेही कान लूमनेच नेले होते. मी भिंत आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरलो आणि ओठ हलवून त्यांना बाबांचं उत्तर सांगितलं.