बोल्डरची उंची, पाचपावलीचं वरण

रविवार, १५ जून १९७५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे.

वेळ इतकी काटेकोर देते आहे, कारण तेव्हा माझ्या हातात वही होती. मी फिजिक्सची एम.एस्सी. जे मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा नियम. पुढे सांगणार आहे ते मात्र... मोजता आले.

त्या वर्षी अमेरिकेतल्या बोल्डर शहरी संशोधनासाठी मला शिष्यवृत्ती मिळाली होती. होकाराचे पत्र सोमवारी टपालात पडणे आवश्यक होते. पण आईच्या संमतीशिवाय ते टाकायचे नाही, असे मी ठरवले होते. बाबा गेल्यावर विड्या वळून तिने मला शिकवले. छप्पन्न साली मला कडेवर घेऊन ती दीक्षाभूमीवर उभी होती.

शनिवारी मी तिला ऐटीत माहिती दिली. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसलेले गाव. उंची सुमारे साडेपाच हजार फूट, म्हणजे आपल्या नागपूरच्या पाचपट. वस्ती सासष्ट हजारांच्या आसपास, नागपूरचा तेरावा हिस्सा. इथेच थांबायला हवे होते. पण हुशारी दाखवण्याची खोड! "आणि आई, तिथं पाणी ९४.७ अंशांनाच उकळतं. डाळ शिजता शिजत नाही."

आईचा चेहरा उतरला. "जिथं वरण शिजत नाही, तिथं माही पोरगी जगन कशी? नाही जायचं वं."

रविवारी दहा चाळीसला तिने नेहमीप्रमाणे तुरीची डाळ स्टोव्हवर चढवली. थोड्या वेळाने माझ्या कानांत अचानक दडे बसले. तेवढ्यात आईची हाक आली, "सुमन! पाणी तं खदखदून राहिलं, अन् डाळ काहून दगडावानी?"

मी थर्मामीटर डाळीच्या गंजात, त्या उभ्या पातेल्यात, धरला. ९४.७.

यंत्र बिघडले असणार. तेच घेऊन मी भिंतीपलीकडच्या जनाकाकूंकडे गेले. त्यांच्या उकळत्या पाण्यात ९८.७, म्हणजे नागपूरला असावे तितकेच. काकू हसल्या, "आमची तं कवाची शिजली. तुमची डाळ बी एम.एस्सी. करून राहिली का?"

परत आमच्या स्टोव्हपाशी — ९४.७. दर दहा मिनिटांनी नोंद घेतली. आकडा हलला नाही.

"हे त्या गावचं पाणी हाय?" आईने विचारले.

"आकडा तोच आहे."

आईने पदर खोचला. "मंग पाहू."

तिने गंजावर घट्ट झाकण ठेवले, त्यावर पाण्याने भरलेला लोटा. लोट्यातले पाणी तापले की ते डाळीत ओतायचे आणि लोटा पुन्हा भरायचा. मी वायुदाबाचे सूत्र समजावू लागले, तर म्हणाली, "तू लिह्य. मले शिजवू दे."

बारा वाजून वीस मिनिटांनी तिने डाळीचा दाणा अंगठ्याने चिरडला. तो मऊ होता. कधी शाळेत न गेलेल्या माझ्या आईने साडेपाच हजार फुटांवरचे वरण नागपुरातल्या आमच्या पाचपावलीत शिजवले होते! मी वहीत लिहिले: एक तास चाळीस मिनिटे.

"शिजते," ती म्हणाली. "फक्त घाई नाही करायची. पत्र टाकजो उद्या."

माझ्या कानांतले दडे सुटले. उरलेले पाणी उकळून पाहिले. ९८.७.

सप्टेंबरमध्ये मी बोल्डरला पोचले. सात तारखेला, पहिल्याच रविवारी, सोबत आणलेली तूरडाळ चढवली. खिडकीत डोंगर, झाकणावर लोट्याऐवजी पाण्याने भरलेला स्टीलचा पेला. एक तास चाळीस मिनिटे बसायची तयारी होती. शेजारच्या शेगडीवर माझ्या रूममेटची किटली उकळत होती; तिच्यात थर्मामीटर बुडवला. ९४.७. बरोबर.

मग कानांत पुन्हा दडे बसले. माझी डाळ मात्र पस्तिसाव्या मिनिटाला शिजली होती, आईची घरी शिजते तशी.

थर्मामीटर मी पुढे प्रयोगशाळेत दोनदा तपासून घेतला, निर्दोष आहे. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि ते नाही हे लिहायला मला संकोचही वाटत नाही. त्या रविवारी मी थर्मामीटर किटलीतून काढला, पुसला आणि माझ्या डाळीत धरला. वहीतली शेवटची नोंद तीच आहे.

९८.७.