रईसाला पॅथॉलॉजीच हवी होती

फुलंब्रीच्या बसस्टँडसमोर निजामुद्दीन पटेलांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, विळे, कुलपं. त्यांची मुलगी रईसा औरंगाबादला डॉक्टरी शिकली आणि शेवटच्या परीक्षेत कॉलेजात पहिली आली. सत्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हापासून दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि सल्ला देणारी माणसंच जास्त यायला लागली. आता पुढं एमडी करायचं, तर ते कशात करायचं? कुणी म्हणालं, बाळंतपणाची डॉक्टर कर, बायका रांग लावतील. कुणी म्हणालं, हृदयाची कर. सांडू न्हाव्याचं मत दाताला पडलं. "दातानं माणूस मरत नाय आन् ठणका काय थांबत नाय. जल्माचं गिऱ्हाईक!"

रईसा म्हणाली, "पॅथॉलॉजी."

हे काय असतं ते कुणालाच माहीत नव्हतं. तिनं समजावून सांगितलं, की रक्त, लघवी, काढलेल्या गाठीचा तुकडा, असं सगळं तपासून रोग कुठला ते सांगायचं. यातला 'लघवी' एवढाच शब्द लोकांच्या कानात राहिला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की पटेलांची पोरगी एवढं शिकून लघवी तपासणार.

तिच्या डोक्यात हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं, कारण ते आमच्याच घरातून आलं होतं. माझी आत्या सारजाबाई पटेलांच्या शेजारीच राहायची. तिच्या मानेवर गाठ आली. गावानं ठरवलं, कॅन्सर. तालुक्याच्या डॉक्टरनं मान हलवली, ती कशासाठी हलवली कुणास ठाऊक, पण तीही कॅन्सरच्या बाजूनं धरली गेली. पाहुणे भेटून गेले. दोन्ही सुनांनी आत्याच्या साड्या वाटून घ्यायला काढल्या, आणि आत्या खाटेवर बसून स्वतःच वाटणी करून देत होती. "हिरवी थोरलीला द्या. धाकटीला तो रंग खुलत नाय."

रईसा तेव्हा शिकत होती. तिनंच आत्याला दवाखान्यात नेलं. गाठीचा तुकडा काढला, तपासायला गेला, आणि निघाला टीबी. गोळ्या चालू झाल्या, गाठ विरघळली. आत्या ठणठणीत झाली आणि साड्या परत मागायला लागली. थोरलीची हिरवी एका लग्नात नेसून झाली होती. त्यावरून जी भांडणं लागली ती वेगळीच.

रईसा मला म्हणाली होती, "सगळे अंदाजच करत होते रे. मी त्या मायक्रोस्कोपमधून पाहिलं, तर स्वच्छ दिसत होतं. मला तिथंच बसायचंय."

तर प्रवेशाच्या मुलाखतीचा दिवस आला. जीप माझी होती म्हणून मी गेलो. निजामुद्दीनचाचा शेरवानी घालून पुढं बसले. आत्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आधीच मागं जाऊन बसली होती. "माझ्या मानंमुळं हे झालंय, मी येणार."

कॉलेजच्या व्हरांड्यात जत्रा भरली होती. पोरं, त्यांचे बाप, मामे, पाण्याचे तांबे. पद्धत अशी होती, की गुणांच्या नंबरानं आत जायचं, शिल्लक जागांतून विषय निवडायचा आणि सही करायची. आत लांब टेबलामागं कमिटी बसली होती. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळं बाहेर सगळं ऐकू येत होतं.

पहिला पुकारा रईसाचा झाला.

"बोला, मेडिसिन?" अध्यक्ष लिहायला वाकले.

"पॅथॉलॉजी, सर."

अध्यक्षांचं पेन थांबलं. "मेडिसिनच्या सगळ्या जागा शिल्लक आहेत. सर्जरीच्याही. तुमचा पहिला नंबर आहे."

"माहीत आहे, सर."

"घरी कुणी जबरदस्ती करतंय का?"

चाचांना आत बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, "पटेल, पॅथॉलॉजी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाय साहेब," चाचा म्हणाले. "पण तिला ठाऊक आसंल ना?"

कमिटीत पॅथॉलॉजीचे प्रमुख डॉक्टर उन्हाळे बसले होते. खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण सगळ्यात जास्त संशय त्यांनाच आला. ते म्हणाले, "माझ्या आख्ख्या नोकरीत हा विषय कुणी मागून घेतलेला नाही. उरतो म्हणून घेतात. मीसुद्धा उरला म्हणूनच घेतला. उद्या ही मुलगी म्हणेल, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, तुम्ही सही का करू दिली? आपण काय उत्तर देणार?"

कमिटीला हे पटलं. ठरलं असं, की रईसानं समोरच्या इमारतीत मानसोपचार विभागात जावं आणि आपलं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आणावा. तोवर पुढचे नंबर घेऊ.

रईसा उठली. मी तिच्यासोबत गेलो.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तिला आजचा वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग गंभीरपणे विचारलं, "कानात आवाज येतात?"

"व्हरांड्यातला गोंगाट येतोय, सर."

"तो मलाही येतोय." त्यांनी लिहून घेतलं. मग दार लोटून खुर्ची पुढं ओढली. "असं बघा, उरलेलाच विषय घ्यायचा असेल तर आमचा घ्या ना. आमच्याकडं पण कुणी येत नाही. निदान पेशंट बोलतात तरी."

रईसानं हात जोडले. डॉक्टरांनी उसासा टाकून दाखला दिला, त्यात लिहिलं होतं, 'पूर्ण शुद्धीवर. स्वभाव हट्टी.'

आम्ही परत येईपर्यंत व्हरांड्यात भलतंच घडून गेलं होतं. दोन नंबरचा मुलगा जालन्याचा. त्याच्यासोबत त्याचे मामा तात्यासाहेब आले होते, वकील माणूस, जगात फुकट काही घडत नाही असं मानणारा. पहिल्या नंबरानं पॅथॉलॉजी मागितली हे खिडकीतून ऐकून त्यांनी भाच्याला खांबामागं नेलं.

"पहिली आलेली पोरगी येडी नसती. आतली खबर आसंल. तो नवा रोग येतोय ना परदेशातनं, पेपरात रोज येतंय? सरकार आख्ख्या देशाचं रक्त तपासणार. तपासणार कोण? पॅथॉलॉजीवाला! जा, घे."

भाच्यानं जाऊन पॅथॉलॉजी घेतली. तीन नंबर होता बिडकीनचा कडूबा गाडेकर, लाजरा पोरगा. पहिल्या दोघांनी जे केलं ते चुकीचं कसं असेल, असा विचार करून त्यानंही तेच केलं. जागा होत्या दोनच. त्या संपल्या. चार नंबरच्या बापानं तर डोक्याला हात लावला. "आपल्या नशिबी मेडिसिनच!" म्हणून तो पोराची समजूत घालत होता.

रईसा दाखला घेऊन आत गेली.

"पॅथॉलॉजी भरली," अध्यक्ष म्हणाले.

"सर, माझा पहिला नंबर होता."

"होता. पण जागा वाटल्या तेव्हा तुम्ही हजर नव्हता."

"तुम्हीच पाठवलं होतं, सर."

"पाठवलं होतं. पण हजर नव्हता ना?" त्यांनी दाखला वाचला. "आणि यात लिहिलंय की तुम्ही शुद्धीवर आहात. मग शुद्धीवरचा माणूस घेतो तसं मेडिसिन घ्या की."

उन्हाळे सर मात्र आता वेगळेच झाले होते. पहिल्या तिन्ही नंबरांना आपला विषय हवाय, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. ते ताठ बसले होते. रईसानं त्यांच्याकडं पाहिलं तर म्हणाले, "काय करणार, मुली. आमच्याकडं फार गर्दी आहे."

शेवटी अध्यक्षांनी एवढंच कबूल केलं, की मुलाखती संपायच्या आत दोघांपैकी कुणी जागा सोडली, तर ती रईसाची.

ती बाहेर येऊन सरळ तात्यासाहेबांसमोर उभी राहिली. "काका, यात पैसा नाही. पेशंट नाही. नाव होत नाही. दिवसभर गाठी टिकवायच्या फॉर्मलिनच्या वासात बसायचं."

तात्यासाहेबांनी भाच्याकडं पाहून डोळा मिचकावला. "बघितलं? आपल्याला हुसकायला बघती. म्हंजी माल भारी हाय."

मी म्हणालो, "आहो, लघवी तपासायची असती." त्यांना तेही डावपेच वाटले. मग आत्या पुढं सरसावली आणि मान दाखवून, साड्यांसकट सगळी कथा सांगायला लागली. त्याचा उलटाच परिणाम झाला. तात्यासाहेब मन लावून ऐकत होते. म्हणाले, "मेलेल्या माणसाला परत आणतंय! आता तर लाख दिले तरी सोडत नाय."

आत्याचं तोंड पडलं. रईसा पायरीवर जाऊन बसली. त्या दिवसात पहिल्यांदा तिचे डोळे भरलेले मी पाहिले. चाचा तिच्या शेजारी बसले.

तिचं काम शेवटी उन्हाळे सरांनीच केलं, आणि तेही न कळता. मधल्या सुट्टीत ते बाहेर आले, नव्या विद्यार्थ्यांचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "चला, आपलं घर दाखवतो!" तात्यासाहेबांनाही आग्रहानं नेलं. मीही मागोमाग गेलो.

तळमजल्यावर लांबच लांब, थंड खोली. भिंतीभर बरण्या, बरण्यांत काळजं, मूत्रपिंडं, गाठी. सर एकेका बरणीची ओळख करून देत होते, जशी घरातल्या माणसांची करून द्यावी. तात्यासाहेब रुमाल नाकाला लावून चालले होते. सरांनी चहा मागवला. तो काचेच्या मोजमापाच्या भांड्यांतून आला.

"भांडी धुतलेली आहेत," सर म्हणाले. "बहुतेक."

तात्यासाहेबांनी भांडं खाली ठेवलं. "सर, आपली प्रॅक्टिस कशी काय?"

"प्रॅक्टिस?" सरांचा चेहरा उजळला. "आहो, नोकरीला लागल्यापासून मी एका पेशंटचं तोंड पाहिलेलं नाही. कोण येत नाही, कोण जात नाही. माझे शेजारी मला कंपाउंडर समजतात. अशी शांतता तुम्हाला कुठं मिळणार?"

तात्यासाहेब इतक्या झपाझप जिने चढले, की धोतराचा सोगा कठड्याला अडकला. वर मेडिसिनची एकच जागा उरली होती. भाच्याला त्यांनी जवळजवळ ढकलतच आत नेलं. सुटलेली जागा रईसाला मिळाली. अध्यक्ष म्हणाले, "मुली, अजूनही विचार कर." तिनं आधी सही केली आणि मग म्हणाली, "केला, सर."

कडूबा गाडेकरानं जागा का सोडली नाही, हे त्याला कुणी विचारलंच नाही. त्याला स्वतःलाही विचारायचं सुचलं नाही. तो तिथंच राहिला आणि चांगला पॅथॉलॉजिस्ट झाला.

रईसानं त्याच शहरात आयुष्य काढलं. पुढं विभागप्रमुख झाली. गाठ कसली आहे ते कळायला सर्जन लोक ऑपरेशन थांबवून तिच्या फोनची वाट बघायचे, पण समोरून गेली तर ओळखायचे नाहीत. ज्यांच्या गाठी तिनं पाहिल्या ते पेशंट बाजारात तिच्या शेजारी उभे राहून मेथी घ्यायचे, तिलाही कळायचं नाही आणि त्यांनाही. तिला याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट गंमत वाटायची.

तिच्या निरोपसमारंभाला मी गेलो होतो. हॉल भरला होता, कारण जेवण चांगलं होतं. माझ्या शेजारचे एक डॉक्टर गुलाबजाम खात मला म्हणाले, "कोण रिटायर होतंय आज?" मी स्टेजकडं बोट दाखवलं. "अच्छा, त्या. कुठल्या विभागात होत्या?"

मी हे तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की गळ्यातला हार तुटला. मग घड्याळात पाहून म्हणाली, "तू जेवून घे. एका बाईची गाठ बघायची राहिलीय, तिचे लोक बाहेर बसलेत." आणि हाराची फुलं टेबलावर तशीच ठेवून ती खाली प्रयोगशाळेत निघून गेली.