ब्लेडनंतरची हळद

कीर्तीच्या पार्लरमध्ये चेहऱ्यावर ब्लेड फिरण्याआधी डोकं फिरतं, असं पनवेलच्या बायका म्हणतात. प्रश्नच इतके! गेल्या आठवड्यात कसलं क्रीम लावलंस? ते रात्री लावायचं, साल काढणारं तर नव्हतं ना? पुटकुळ्या आहेत? ओठावर तापाचे फोड येतात? उद्या उन्हात हिंडायचंय? लग्नघर असेल तर हळद कधी? एक जरी उत्तर वाकडं आलं की ब्लेड पाकिटात आणि गिऱ्हाईक घरी. शेजारच्या पार्लरवाल्या तिला ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. म्हणू देत मेल्या! डर्माप्लेनिंग म्हणजे काय दाढी वाटली? चेहऱ्यावरची लव आणि वरची मेलेली कातडी धारदार पात्याने हलकेच खरवडायची, म्हणजे खाली निघते ती अगदी कोवळी, उघडी त्वचा. पुढचे दोन-तीन दिवस तिला लिंबू नको, हळद नको, मेकअपसुद्धा नको. लव पुन्हा दाट येईल का, असं मात्र सगळ्याच विचारतात. ‘नाही गं बाई, तेवढी भीती सोड,’ असं कीर्ती प्रत्येकीला सांगते.

परवाच्या बुधवारी सकाळी भाविका आली, आणि तिला दारात बघून कीर्ती दचकलीच. वाटलं, मालू उभी आहे. तेच गाल, कानशिलापासून हनुवटीपर्यंत उतरलेली तीच भुरी लव. मालू म्हणजे भाविकाची आई. गव्हाणला कीर्तीचं माहेर आणि मालूचं घर एका भिंतीला भिंत लावून. कीर्ती ब्लीच शिकली, वॅक्स शिकली, गावातल्या झाडून सगळ्या पोरींवर हात साफ केला, पण मालूने तिला कधी आपल्या तोंडाला शिवू दिलं नाही. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि मालू गेली. कीर्ती त्या दिवशी ढसाढसा रडली होती.

“मावशी, सगळी लव काढ,” भाविका म्हणाली. “लग्नाच्या फोटोत नको दिसायला.”

कीर्तीने सगळे प्रश्न विचारले. क्रीम नाही, पुटकुळी नाही. हळद? “शनिवारी, हॉलवर.” मग मधे पुरेसे दिवस होते. कीर्तीने कातडी ताणली आणि जबड्याकडून पातं चालवायला घेतलं. पात्यावर पांढुरका भुगा साचत गेला. पार्लरमध्ये दोघीच होत्या, तरी कीर्तीला सारखं वाटत होतं, कोणीतरी खांद्यावरून वाकून बघतंय. दोनदा तिने मान वळवली. टॉवेल, आरसा, बंद दार, बस्स. एक गाल झाला, तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. अर्ध्या चेहऱ्यावर मालू होती, अर्ध्यावर कोणी तिसरीच. अर्धवट सोडता येत नव्हतं, म्हणून तिने दुसराही गाल केला.

भाविका आरशात बराच वेळ बघत राहिली. “छान झालंय,” म्हणाली, आणि मग खालच्या आवाजात, “पण मावशी, आईला कळेल ना, मी कोण ते?”

“काहीतरीच काय बोलतेस!”

“गोदूआजी हळदीला बोलावणार ना तिला.”

गोदूबाई म्हणजे गावची धवलारीण. लग्नाचे धवले गाणारी, सगळे विधी सांगणारी म्हातारी. देवांना आमंत्रण देते तसं ती घरातल्या गेलेल्या माणसांनाही नाव घेऊन बोलावते. आणि या घराण्यात नवरीला पहिली हळद आईची. आई नसेल, तर तिला हाक मारायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि तिच्यासाठी थोडा वेळ जागा सोडायची. भाविका वर्षभर त्या घटकेची वाट बघत होती, हे कीर्तीला तेव्हा कळलं. तिने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी भाविकाच्या बापाचा, जगनचा फोन. “कीर्ती, कुठं हायस? आज घरची हळद हाय.”

“आज? ती तर शनिवारी म्हणाली!”

“शनवारी पावण्यांची. आज देवांची. ये लवकर.”

कीर्तीने कपाळावर हात मारून घेतला. अगो, ती स्वतः गव्हाणची पोर! स्वतःच्या लग्नात देवापुढच्या त्या हळदीला बसलेली! पण पनवेलात नांदून नांदून तीही हॉलच्या हळदीलाच हळद समजायला लागली होती, आणि हळद कधी विचारलं की पोरी हॉलचीच तारीख सांगतात, घरची हळद हिशेबातच धरत नाहीत. “तोंडाला लावू नका!” ती फोनवर ओरडली. पलीकडे डंपरचा गडगडाट. “काय? ये, ये,” म्हणून जगनने फोन ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही.

मग तिने स्कूटी काढली. वाटेत उलव्याच्या बाजूला बांधकामांची नुसती धूळ, क्रेन आणि डंपर. जीव मुठीत धरून ती गव्हाणला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. घरातले दिवे मात्र मालवलेले. देव्हाऱ्यापुढे एक समई, पाटावर भाविका, भोवती घरच्या बायका, बाजूला जगन, आणि गोदूबाईचा जाड, घोगरा आवाज एकेक नाव घेत चाललेला. “मालू…”

“थांबा!” कीर्ती दारातून ओरडली. “आजच पातं फिरवलंय. पोरीचं तोंड जळेल!”

गोदूबाईने ओळ पुरी केली, मगच मान वर केली. “आता सांगतंस? हाक गेली. पयली हळद तिची. ती कुठं लावल, ते माज्या हातात नाय.”

“मग सांगा तिला!”

“तूच सांग. तुजी मैतरीण ना ती?”

सगळ्यांनी डोळे मिटले. कीर्ती पाटापुढे गुडघ्यांवर बसली, तिनेही मिटले. आपण काय करतोय, याचं तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. “मालू,” ती पुटपुटली, “तोंडाला नको गं. चूक माझी आहे, पोरीची नाही.” बाहेरचे डंपर एकाएकी ऐकू येईनासे झाले. ओल्या मिठाचा वास आला, मिठागरातून आलेल्या मालूच्या अंगाला यायचा तसा. कोणीतरी अगदी जवळून गेलं. कीर्तीच्या गालाला गार लागलं, आणि दारातून वारा आला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

गोदूबाईने खाकरून डोळे उघडायला सांगितलं.

भाविकाचा चेहरा कोरा होता. हात कोरे, पाय कोरे. तिने स्वतःकडे बघितलं आणि हुंदका फुटला. “नाय आली. मी आईचं तोंड पुसून टाकलं ना, मग ती कशी ओळखणार मला?”

मग जगनने समई उचलली आणि दोन पावलं मागे सरला. तो कीर्तीकडे बघत होता. सगळेच बघत होते. वाटीतल्या हळदीवर बोटं फिरल्याच्या खुणा होत्या, आणि बायकांचे हात तर सगळे कोरडे. कीर्तीच्या डाव्या गालावर पंजा उमटला होता. ओली, पिवळीधमक पाच बोटं.

“तुला ओळखलं,” भाविका म्हणाली. “मला नाय.”

मालूने लाड केला की थोबाडीत दिली, हे कीर्तीला कळेना. पण समोर पोर बसली होती, आईने टाकलेल्या पोरीसारखी, आणि तिला तसं लग्नाला उभं राहू देणं कीर्तीच्या जिवाला झेपणारं नव्हतं.

“वेडी का खुळी तू?” ती करवादली. “तुझ्या तोंडाला लावू नको म्हटलं मी तिला. मग ती हळद ठेवणार कुठे? माझ्याकडे ठेवली. घे तुझी!” तिने भाविकाचे दोन्ही तळवे ओढले आणि आपल्या गालावर दाबले.

भाविकाचं रडं तिथल्या तिथे थांबलं. “गार आहे,” ती म्हणाली. “आईचे हात असेच गार असायचे.” आणि गोदूबाईने पुढचं नाव घेतलं, तरी तिने तळवे उचलले नाहीत.